कंठाशी आलेला जीव : स्तोत्रसंहितेच्या अभ्यासाची प्रस्तावना

माझ्या आजीचे पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. बांधणी दोनदा शिवून घेतलेली, पुठ्ठ्यावरची अक्षरे पुसून गेलेली. पुस्तक मिटलेले असले तरी ती कुठे वाचत असे ते कडेवरून कळते: बरोबर मध्यावर पानांच्या कडा काळपट झाल्या आहेत. तिथेच स्तोत्रसंहिता येते. ती पाने उघडली की आणखी एक गोष्ट दिसते. २३, ५१, ९१, १०३, १२१ या स्तोत्रांची पाने बोटे लागून लागून जुन्या नोटेसारखी मऊ झाली आहेत. ४४, ७४, ८८, १०९ ही पाने मात्र कालच छापखान्यातून आल्यासारखी आहेत.

आजीला मी नावे ठेवत नाही. मंडळीने तिच्या हाती जेवढी स्तोत्रे दिली, तेवढी तिने आयुष्यभर जिवापाड सांभाळली. आजही आपल्याकडे तेच चालते. नव्या घराची प्रार्थना असली की १२७, प्रवासाला निघताना १२१, दुखणाइताच्या उशाशी ९१, उपकारस्तुतीला १०३, कबरस्तानात २३ आणि ९०. दीडशेपैकी दहाबारा स्तोत्रांवर आपला संसार चालतो, आणि उरलेली सव्वाशेहून अधिक घरातल्या न उघडलेल्या खोलीसारखी पडून राहतात.

मलाही ती खोली उशिराच सापडली. वडील अतिदक्षता विभागात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण ९१वे स्तोत्र वाचून जाई. आश्रयाचे, संरक्षणाचे ते शब्द मला लहानपणापासून पाठ होते. सहाव्या दिवशी ते घशाखाली उतरेनात. रात्री बाहेरच्या बाकावर बसून पाने चाळत असताना मी ८८ वर थांबले. ज्याने ते म्हटले आहे तो रात्रंदिवस हाक मारतो आहे आणि उत्तर येत नाही. देव तोंड का लपवतो, असे तो थेट देवालाच विचारतो. मित्र दुरावले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजाडते, इथे उजाडत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. मी ते दोनदा वाचले. कुणीतरी हे देवासमोर म्हटले होते, कुणीतरी ते लिहून ठेवले, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते उपासनेत म्हटले, आणि कुणालाही ते खोडून टाकावेसे वाटले नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट प्रार्थना करता आली. वडील चार दिवसांनी गेले. स्तोत्रांचा माझा अभ्यास त्या बाकावर सुरू झाला, असे मी मानते.

या पुस्तकातले लेख वाचायला येणाऱ्या वाचकाला मी आधी हे सांगते, कारण स्तोत्रांचा अभ्यास म्हणजे भक्तीपासून दूर जाऊन केलेली चिरफाड असा एक समज आपल्या मंडळ्यांत आहे. माझा अनुभव उलटा आहे. स्तोत्रे कशी घडली, कशी म्हटली गेली हे जसजसे कळत गेले, तसतशी ती माझ्या तोंडी अधिक बसत गेली.

नावापासूनच सुरुवात करू. यहुदी परंपरा या पुस्तकाला ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवने, म्हणते. ज्या पुस्तकात एक तृतीयांशाहून अधिक रचना विलापाच्या आहेत, त्याला स्तवने म्हणायचे! हे नाव देणाऱ्यांना स्तुतीचा अर्थ आपल्यापेक्षा मोठा ठाऊक असला पाहिजे. देवाकडे केलेली तक्रारही, ती देवाकडेच केलेली असल्यामुळे, त्यांच्या हिशेबी स्तुतीत जमा होती. ग्रीकमध्ये गेल्यावर त्याला ‘साल्मोस’वरून नाव मिळाले. तो शब्द तारा छेडण्यावरून आला आहे, म्हणजे हे वाद्यावर म्हणायचे गाणे. आपल्या ‘स्तोत्र’ शब्दात वाद्याचा आवाज नाही, ही एक छोटी हानी आहे. ती भरून काढायला पेटी आणि तबला आहेतच.

दीडशे स्तोत्रे पाच पुस्तकांत वाटलेली आहेत, मोशेच्या पाच ग्रंथांसारखी. पहिले पुस्तक ४१व्या स्तोत्राशी संपते, पुढची ७२, ८९ आणि १०६ शी, आणि प्रत्येकाच्या शेवटी स्तुतीची एक ओळ मुद्दाम बसवलेली आहे. ७२व्याच्या अखेरीस दाविदाच्या प्रार्थना समाप्त झाल्याची नोंद आहे, आणि तरीही पुढे दाविदाच्या नावाची स्तोत्रे भेटतच राहतात. १४वे आणि ५३वे स्तोत्र जवळजवळ एकच आहे. यावरून दिसते की आधी लहान लहान संग्रह होते. आसाफाचा, कोरहाच्या पुत्रांचा, यरुशलेमची यात्रा करणाऱ्यांचा. आणि ते जोडत जोडत ही संहिता झाली. एकच अभंग वेगवेगळ्या गाथांत थोड्या फरकाने सापडतो हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात दचकण्यासारखे काही वाटू नये.

मथळ्यांबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. हिब्रू संहितेत ७३ स्तोत्रांवर दाविदाचे नाव आहे. तिथला जो उपसर्ग आहे त्याचा अर्थ दाविदाने रचलेले, दाविदाविषयीचे, दाविदासाठीचे किंवा दाविदाच्या संग्रहातले, असा काहीही होऊ शकतो. इंग्रजीत हे समजावताना अभ्यासकांना परिच्छेद खर्च करावे लागतात. मराठीत आपण सहज ‘दाविदाचे स्तोत्र’ म्हणतो आणि आपल्या ‘चे’ प्रत्ययात ती सगळी मोकळीक जशीच्या तशी उतरते. तुकारामांचा अभंग म्हणजे तुकारामांनी रचलेला, शिवाजी महाराजांचा पोवाडा म्हणजे महाराजांवर रचलेला. प्रत्यय एकच, आणि आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

आधुनिक अभ्यासाची मोठी वळणे तीनचारच आहेत. हर्मान गुंकेल या जर्मन विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी विचारले की एखादे स्तोत्र कुणी लिहिले यापेक्षा ते कोणत्या प्रसंगाचे आहे हे पाहू. मग स्तोत्रांचे प्रकार दिसू लागले: स्तुतिगीत, एकट्याचा विलाप, समाजाचा विलाप, आभाराचे गीत, राजासाठीचे गीत. त्यांचे १९२६ चे भाष्य आजही टाळून पुढे जाता येत नाही. त्यांचे नॉर्वेजियन शिष्य सिगमुंड मोविंकेल आणखी पुढे गेले; ही गीते मंदिरातल्या प्रत्यक्ष उपासनेत घडली आणि तिथेच वापरली गेली, असे त्यांनी मांडले. पुढे १९८५ मध्ये जेरल्ड विल्सन यांनी लक्ष संहितेच्या मांडणीकडे वळवले: कोणत्या स्तोत्राशेजारी कोणते ठेवले आहे, यालाही अर्थ आहे. दरम्यान मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत स्तोत्रांच्या ३५ हून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. इतक्या प्रती तिथे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाच्या मिळाल्या नाहीत. १९५६ मध्ये अकराव्या गुहेत सापडलेल्या मोठ्या गुंडाळीत स्तोत्रांचा क्रम आपल्यापेक्षा वेगळा आहे आणि आपल्या संहितेत नसलेल्या काही रचनाही आहेत.

क्रमांकाबद्दल एक व्यवहारातली सूचना. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९वे आणि १०वे स्तोत्र एकच धरतात, त्यामुळे त्यापुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे पडतात. जुन्या कॅथलिक पुस्तकात मेंढपाळाचे स्तोत्र २२वे दिसले तर ती छापण्यातली चूक नव्हे.

आता कवितेकडे. १७५३ मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लोथ यांची हिब्रू कवितेवरची व्याख्याने छापली गेली आणि समांतर रचनेची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली. हिब्रू कवी एक ओळ म्हणतो आणि दुसऱ्या ओळीत तीच गोष्ट वळवून, वाढवून किंवा उलटवून पुन्हा म्हणतो. त्याचे यमक अर्थाचे असते. ध्वनीचे यमक भाषांतरात गळून पडते. अर्थाचे यमक कोणत्याही भाषेत गेले तरी टिकते. म्हणून गद्यासारख्या छापलेल्या मराठी स्तोत्रालाही लय राहते, आणि प्रार्थनासभेत पाळक एक ओळ व मंडळी दुसरी ओळ म्हणू लागली की ती लगेच ऐकू येते. सगळेच काही टिकत नाही. ११९व्या स्तोत्रात हिब्रूची २२ अक्षरे आणि प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचने, अशी १७६ वचने आहेत. आपल्याकडे ते फक्त लांबलचक वाटते. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत भक्ती शिकवणारी ती बाराखडी आहे हे लक्षात ठेवून वाचले, तर त्याची लांबी खटकत नाही.

काही ठिकाणी मात्र मराठी हिब्रूच्या इतकी जवळ जाते की इतरांना हेवा वाटावा अशी दौलत आपल्या घरात आहे असे मला वाटते. ‘नेफेश’ हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याचा आत्मा झाला, आणि शरीरापासून सुटा असा काहीतरी अर्थ त्याला चिकटला. हिब्रूत नेफेश म्हणजे घसा, श्वास, तहान, प्राण, सगळा माणूस. मराठी अनुवादकांनी अनेक ठिकाणी ‘जीव’ म्हटले आणि एका शब्दात काम केले. जीव तळमळतो, जीव टांगणीला लागतो, जीव कासावीस होतो, जीव भांड्यात पडतो. ४२व्या स्तोत्रातली पाण्यासाठी आसुसलेली हरिणी आणि तिच्यासारखा आसुसलेला जीव मराठी माणसाला उलगडून सांगावा लागत नाही. ६९व्याच्या आरंभी पाणी नेफेशापर्यंत चढले आहे. इंग्रजी अनुवादांत जुन्यांनी तिथे आत्मा म्हटले, नव्यांनी गळा. मराठीत जीव कंठाशी येतो, दोन्ही एकदम.

‘हेसेद’च्या बाबतीत आपली अडचण होते. १३६व्या स्तोत्रात तो २६ वेळा येतो, प्रत्येक वचनाच्या शेवटी. दिलेल्या शब्दाला जागणारे, करार मोडला तरी न मोडणारे असे ते प्रेम आहे. दया म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली असे चित्र उभे राहते. वात्सल्य म्हटले की गायीची आणि वासराची ओढ येते, पण कराराची निष्ठा सुटते. मला आज वात्सल्यच जवळचे वाटते. पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणायचे काम हाती घेतले. साधी बाई वाचू शकेल असे शास्त्र त्यांना हवे होते. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडले. आपल्या स्तोत्रवाचनात एकेका शब्दासाठी झगडलेल्या या बाईचे नाव घेतले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

मंडळीने ही स्तोत्रे कशी म्हटली, हा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा आहे. मी दोनतीन ठिकाणीच थांबते. येशूने ती म्हटली, हे पहिले. वल्हांडणाच्या भोजनानंतर शिष्यांसह गीत गाऊन तो जैतुनाच्या डोंगराकडे गेला. वल्हांडणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची रीत होती. वधस्तंभावर त्याच्या ओठी २२वे आले, आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार प्राण सोडताना ३१वे. देवाने टाकले असे म्हणायला त्यानेही नवे शब्द शोधले नाहीत, आईबापांकडून मिळालेले वापरले. चौथ्या शतकात अथनेशियसने मार्सेलिनस नावाच्या, आजारपणात स्तोत्रे वाचत बसलेल्या माणसाला एक पत्र लिहिले. इतर शास्त्र आपल्याशी बोलते, स्तोत्रे आपल्या वतीने बोलतात, असा त्या पत्राचा रोख आहे; वाचणारा त्यात आरशात पाहावे तसा स्वतःला पाहतो. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासींना आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे म्हणायला लावली. धर्मसुधारणेनंतर जिनीव्हात १५६२ पर्यंत सगळी स्तोत्रे फ्रेंच पद्यात, चाली लावून, सामान्य लोकांच्या हाती दिली गेली.

आणि डीट्रिख बॉनहॉफर. फिंकेनवाल्डेच्या आपल्या सेमिनरीत तो विद्यार्थ्यांसह रोज स्तोत्रे म्हणत असे. १९४० मध्ये त्याने स्तोत्रांवर एक लहानसे पुस्तक काढले. हयातीत छापलेले ते त्याचे शेवटचे, कारण नाझी राजवटीने त्याच्या लेखनावर बंदी घातली. त्याचे म्हणणे मनाला लागते. आपण समजतो, मनात दाटले ते ओकले की प्रार्थना झाली. मूल बोलायला शिकते ते आईबाप बोलतात म्हणून. प्रार्थनाही तशीच, देवाने दिलेल्या शब्दांतून शिकायची असते. आज माझे मन आनंदी आहे आणि समोर विलाप आला, तर तो कुणाचा आहे? तुरुंगातल्याचा, छावणीतल्याचा, शेजारच्या घरातल्याचा. आणि ख्रिस्ताचा. मी तो म्हणते तेव्हा त्यांच्या बाजूला उभी राहते. ‘हे स्तोत्र आज माझ्या मनःस्थितीला लागू नाही’ अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बॉनहॉफर वाचायला देते.

शापस्तोत्रांचा प्रश्न इथेच येतो. १३७व्याचा आरंभ सगळ्यांना आवडतो. बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसलेले बंदिवान. शेवट कुणी वाचत नाही, कारण तिथे शत्रूच्या तान्ह्या लेकरांविषयी भयंकर इच्छा व्यक्त केली आहे. १९७१ मध्ये आलेल्या रोमन कॅथलिक दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे पूर्ण आणि इतर काहींची वचने वगळली गेली. त्यामागची काळजी मला समजते. द्वेष आधीच भरपूर आहे, त्याला शास्त्राचे बळ कशाला? तरीही वगळू नये असे माझे मत आहे. ज्यांचे शहर जळाले आणि ज्यांची लेकरे मारली गेली, त्यांच्या तोंडी हे शब्द आहेत. त्यांनी हातात शस्त्र घेतलेले नाही. सूड त्यांनी देवापुढे ठेवला आहे आणि तिथेच सोडला आहे. हे शब्द शेजाऱ्यावर रोखायला मला अधिकार नाही. पण माझ्या आत असे काही आहे हे कबूल करायला, आणि ते कुठे न्यावे हे कळायला, मला ते लागतात.

वॉल्टर ब्रुगमान यांनी १९८६ च्या एका प्रसिद्ध निबंधात इशारा दिला होता की विलाप गमावलेल्या मंडळीत देवाभोवती फक्त होयबा उरतात, आणि मग अन्यायाचा प्रश्न विचारायचीच सवय मोडते. मराठी ख्रिस्ती माणसाला हे खरे तर परक्याकडून ऐकायची गरज पडायला नको होती. आपण ज्या भाषेत प्रार्थना करतो, तिच्यात जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत, नामदेव त्याच्यावर रुसला आहे, तुकोबांनी त्याला दिवाळखोर म्हणायलाही कमी केलेले नाही. हक्काच्या माणसाशीच माणूस असा भांडतो. नारायण वामन टिळकांना हे पक्के ठाऊक होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजन, कीर्तन मंडळीत आणले ते सजावट म्हणून नव्हे. या भाषेत देवाशी बोलायची ती रीतच होती. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तने उभी केली. म्हणजे हिब्रू शास्त्र आणि मराठी टाळ यांची गाठ आपल्याकडे दोन वाटांनी पडलेली आहे. असे असूनही आपल्या उपासनेतली भाषा इतकी नेमस्त का झाली? ४४व्या स्तोत्रात लोक देवाला विचारतात की झोपलास का. हा प्रश्न रविवारच्या उपासनेत मोठ्याने विचारलेला मी एकदाही ऐकलेला नाही. दुष्काळात नाही, महामारीत नाही.

या पुस्तकातले लेख निरनिराळ्या अंगांनी लिहिलेले आहेत आणि कोणत्याही क्रमाने वाचता येतील. स्तोत्रे मात्र क्रमानेच वाचावीत, अशी माझी विनंती आहे, आणि मोठ्याने. पहिल्याच स्तोत्रात, धन्य पुरुष देवाच्या नियमशास्त्राचे जे ‘मनन’ करतो, त्याला हिब्रूत ‘हागा’ हे क्रियापद आहे. त्यात ओठ हलतात, आवाज निघतो. यशया तेच क्रियापद कबुतराच्या घुमण्याला आणि सिंहाच्या गुरगुरण्याला वापरतो. दुसऱ्या स्तोत्रात राष्ट्रे राजाविरुद्ध जे पुटपुटतात तेही तेच. काय पुटपुटायचे हे निवडा, असे ही दोन स्तोत्रे दारातच सांगतात. आजी वाचताना ओठ हलवायची. मला ते तिच्या कमी शिक्षणाचे लक्षण वाटायचे. ती हागा करत होती.

‘सेला’ हा शब्द ७१ वेळा भेटेल. त्याचा नक्की अर्थ कुणालाच सांगता आलेला नाही. बहुधा गाण्यातली खूण असावी. मी तिथे एक श्वास थांबते.

अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ, वाटून दिली आहेत. मी अनेक वर्षे तीच वाटणी पाळते. दिवसाला पाचसात स्तोत्रे होतात, फार वेळ लागत नाही. ४ तारखेच्या संध्याकाळी २२ आणि २३ लागोपाठ येतात, वधस्तंभावरचा आक्रोश आणि मेंढपाळ. मध्ये फक्त पान उलटायचे असते. १७ तारखेच्या सकाळी ८८ येते, मन कसेही असो. १ तारखेची वाट पाहत बसू नये. हे पान ज्या दिवशी उघडले असेल, त्या दिवसाच्या स्तोत्रांपासून लागावे.